अंकिताबाईंच्या बर्फाच्या फळ्या

सोलापुरात मार्च लागला की दुपारी बाराला शाळेचं मैदान असं काही पांढरं पडतं, की बघणाऱ्याचे डोळे आपोआप मिटतात. अंकितामॅडमचे मात्र नेमके तेव्हाच उघडायचे. कडुनिंबाखाली शिट्टी तोंडात धरून त्या उभ्या राहायच्या. समोर मुली खो-खो खेळत असायच्या आणि यांची नजर मुलींच्या डोक्यांवरून पलीकडे, तापल्या मुरमाच्या लखलखाटात जाऊन थांबायची. मग हळूच एक गुडघा वाकायचा, मग दुसरा. अंगाचा भार या पायावरून त्या पायावर सरकायचा, अगदी सावकाश. "मॅडम गेल्या," असं मुली एकमेकींना म्हणायच्या आणि खुशाल फाउल करून घ्यायच्या. मॅडम कुठे जातात हे सातवीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडम बर्फात जायच्या.

मुलींसाठी मॅडम, आपल्यासाठी अंकिता. वळसंगच्या हिंदुरावांची धाकटी लेक, वय अडतीस, मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका, शहरातल्या जुळे सोलापूर भागात दोन खोल्यांत एकटी राहणारी. लग्न केलं नाही, पण ते काही ठरवून नाही. बघायला आलेल्यांनी 'मुलगी पळते फार' म्हणत चहा संपवला आणि हिनेही कुणाला बस म्हटलं नाही. अशा बाईचा आणि बर्फाचा संबंध काय, असं कुणीही विचारावं. सोलापूरकराच्या लेखी बर्फ म्हणजे रसवंतीच्या दारात भुशात गुंडाळून ठेवलेली लादी. त्यावर चालत जायचं असतं, आणि वर घसरायचं असतं, हे इथे कुणाला सांगायला गेलं तर आधी कपाळाला हात लावून ताप बघतील.

पण ती गेली होती. सत्तावीस वर्षांची असताना, चौदा दिवसांच्या शिबिराला, थेट उत्तराखंडातल्या औलीला. तिथल्या लोकांनी पायात अवजड बूट घातले आणि बुटांना दोन लांब, टोकाला वर वळलेल्या स्की बांधल्या. वळसंगात त्यांना शेवटपर्यंत फळ्याच म्हटलं गेलं, तेव्हा आपणही फळ्याच म्हणू. उसन्या, रंग उडालेल्या, कुणाकुणाच्या पायांतून आलेल्या फळ्या. बारा दिवस ती त्यांच्यावरून पडली. पुढे पडली, मागे पडली, उभ्या उभ्याही पडली. खो-खोत जिल्हा गाजवलेली पोरगी, पण बर्फाला त्याचं काय.

आणि मग तेरावी दुपार आली. ऊन स्वच्छ होतं, ढग खाली दरीत बसले होते. अंकिताने उतारावर पाय सोडले आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिने काहीच केलं नाही. नुसता भार दिला, आणि फळ्या वळल्या. पुन्हा दिला, पुन्हा वळल्या. वारा होता पण लागत नव्हता. पायाखालून आवाज येत होता तो कोरी साडी उलगडताना येतो तेवढाच. आपण कोण, कुठल्या, आपल्याला खाली पोहोचायचं आहे की नाही, यातलं काही तिच्या डोक्यात उरलं नाही. सगळं मिळून चार मिनिटं असतील. खाली उस्ताद उभे होते, तिथे शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. त्यांनी नुसती मान हलवली आणि ते पुढच्या माणसाकडे बघू लागले. दुसऱ्या दिवशी शिबिर संपलं.

माणसाला आयुष्यात चार मिनिटं अशी मिळाली तर पुष्कळ झालं, असं म्हणणारे म्हणोत. अंकिताला ती पुरली नाहीत, आणि दुसरी मिळाली नाहीत. पुढच्या वर्षी भावाचं लग्न निघालं, त्याच्या पुढच्या वर्षी आईचा डोळा, मग शाळेच्या परीक्षा, मग करोना. अकरा वर्षं गेली. ती दुपार तिने लोणच्याच्या बरणीसारखी जपली. कोरड्या हाताने, लागेल तेवढीच काढायची आणि झाकण घट्ट लावायचं. स्टाफरूममध्ये कटकट झाली की थोडी. बसस्टँडवर तासभर गाडी आली नाही की थोडी. कडुनिंबाखाली मात्र रोज.

शेवटी गेल्या सप्टेंबरात तिने स्वतःच्या फळ्या मागवल्या. नव्या कोऱ्या, निळ्या, तिच्या उंचीला मापून. कुरिअरवाल्याने खोकं जिन्यातून वर आणताना विचारलं, "मॅडम, सीलिंग फॅन एवढा मोठा?" खालच्या मजल्यावरच्या गौरम्मांना वाटलं, पडद्याचे रॉड असावेत. अंकिताने सगळ्यांना हो म्हटलं. फळ्या कपाटाशेजारी उभ्या केल्या आणि आठ दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे बघत चहा प्यायली.

हे आई मुक्ताबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "त्येला लोखंड हाय का?"

"कडेला आहे की. दोन्ही बाजूंनी पोलादाची पट्टी असते, बर्फात रुतायला."

"मग खंडेनवमीला हिकडं घिऊन ये. लोखंडाची नवी वस्तू बिनपूजेची वापरू न्हाई."

खंडेनवमीला घरातलं सगळं हत्यार पूजेला मांडतात. वळसंगला हिंदुरावांच्या घरी तर त्याचा थाटच असतो. खुरपी, विळे, कोयते, कुऱ्हाड, पहार, ट्रॅक्टरची पानं, आईचं शिलाई मशीन, भावाच्या पोरांचे कंपासबॉक्स. त्या सगळ्यांच्या डोक्यावर यंदा निळ्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, कपाळाला गंध, गळ्यात झेंडू. आदल्या दिवशीच एसटीतून आणून ठेवल्या होत्या. हिंदुरावांनी एक फळी उचलून उलटी केली, पोलादी कडेवरून अंगठा फिरवला. "लोखंड बरं हाय," एवढंच म्हणाले. मुलीने बर्फावर जाण्याबद्दल अकरा वर्षांत ते यापलीकडे काही बोलले नव्हते. दसऱ्याला सोनं लुटून अंकिता फळ्या घेऊन परत आली.

फेब्रुवारीत ती औलीला गेली आणि तिथे जे झालं ते तिने कुणाला सांगितलं नाही.

फळ्या चालेनात. म्हणजे चालायच्या, पण तिचं ऐकायच्या नाहीत. सरळ जाताना ठीक. वळायचं म्हणून भार दिला की टोक बर्फात कुठेतरी अडकायचं आणि फळी झटक्याने भलतीकडे खेचायची. थांबायचं म्हणून आडवी केली की सरकण्याऐवजी रुतून बसायची. अंकिता तोंडावर पडायची, उठायची, पुन्हा पडायची. बूट जास्त आवळले आहेत म्हणून सैल केले. मग फार सैल झाले म्हणून आवळले. फळ्यांच्या तळाला मेण घातलं. बूट धरून ठेवणारा खटका एक अंश ढिला केला. मोजे बदलले. एके दिवशी तर डावी फळी उजव्या पायात घालून बघितली. उस्ताद तेच होते, केस पिकलेले, पण त्यांच्याभोवती वीस पोरं. नव्या फळ्या आहेत, सवय होऊ दे, असं ते लांबूनच म्हणाले.

सहाव्या दिवशी ते जवळ आले. तिला पडताना त्यांनी दोनदा पाहिलं होतं. स्वतःच्या फळ्या काढून पुढे केल्या, म्हणाले, या घालून एक फेरी मारून ये, म्हणजे दोष कुठे आहे ते कळेल.

किती साधा उपाय. दुसऱ्याच्या फळ्या घालायच्या, उतरायचं, दोन मिनिटांत निकाल. आणि अंकिता, जी कुठल्याही मॅचला घाबरली नाही, ती नको म्हणाली. पाय दुखतोय म्हणाली. कारण त्या फळ्यांवरूनही ती पडली असती तर मग तेरावी दुपारच खोटी ठरली असती. मग असं झालं असतं, की तेव्हाही आपल्याला काही जमलं नव्हतं, एका सोप्या उतारावरून आपण नशिबाने खाली आलो, आणि पुढची अकरा वर्षं त्याच्यावर साखर चढवत बसलो. वस्तू बिघडली तर दुरुस्त होते. आठवणच खोटी निघाली तर माणसाने कडुनिंबाखाली उभं राहून बघायचं कशाकडे?

दोन दिवस आधीच ती परत निघाली. सोलापुरात सगळ्यांना "मस्त झालं" म्हणून सांगितलं. आबांचा, म्हणजे हिंदुरावांचा, फोन आला, त्यांनी विचारलं, "लागलं न्हाय न्हवं कुटं?" तिने नाही म्हटलं. फळ्या चादरीत गुंडाळून दाराआड ठेवल्या.

बदल सगळ्यांत आधी मुलींना कळला. मॅडम आता जात नव्हत्या. कडुनिंबाखाली उभ्या राहायच्या, पण पाठ मैदानाच्या लखलखाटाकडे करून. आणि फाउल तर एकही सोडत नव्हत्या. मुलींनी ही तक्रार विज्ञानाच्या जगदेवीबाईंकडे नेली. जगदेवीबाई अंकिताची एकुलती एक मैत्रीण. पन्नाशीच्या, मूळच्या अक्कलकोटच्या, प्रयोगशाळेत बसून डबा खाणाऱ्या. त्यांनी अंकिताला समोर बसवलं, शेंगाचटणी पुढे केली आणि अर्ध्या तासात सगळं काढून घेतलं.

"थोडक्यात काय, नाचता येईना अंगण वाकडं," अंकिता शेवटी म्हणाली. "मीच ती."

"असं तूच ठरवलीस व्हय?" जगदेवीबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "अंगण वाकडं हाय का नाही, ते मोजलीस का? पोरींना आपण काय शिकवतो? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तू बूट बदललीस, मेण बदललीस, खटका बदललीस, सगळं एकदम. त्यातनं काय कळणार, कप्पाळ? शनिवारी घेऊन ये त्या फळ्या. बघू की."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर निळ्या फळ्या पालथ्या झोपवल्या गेल्या. जगदेवीबाईंनी चष्मा पुसला. लांबी मोजली, बरोबर. स्टीलची पट्टी तळावर आडवी धरून फट बघितली, तळ सपाट. खटका जिथे बसवला होता त्याची जागा दोन्ही फळ्यांवर सारखी. मग त्यांनी कपाटातून कापसाचा बोळा काढला आणि एका फळीच्या पोलादी कडेवरून मध्यापासून टोकापर्यंत हलकेच ओढत नेला. टोकाशी पोहोचेपर्यंत बोळा निम्मा झाला होता. कडेला पांढरे धागे फडफडत होते.

"हितं कुसळं हायत," जगदेवीबाई म्हणाल्या. "लोखंडाची. डोळ्याला दिसत नाहीत इतकी बारीक. ही कड अशीच आली व्हती का?"

अंकिताने फोटो काढून उस्तादांना पाठवले. त्यांचा फोन दहा मिनिटांत आला, आणि आवाज चढलेला. टोकापासून मागच्या शेपटीपर्यंत धार कुणी लावली, असं त्यांनी विचारलं. धार मधल्या भागाला हवी; टोक आणि शेपूट बोथट असावी लागतात, तरच फळी वळणात शिरते आणि वळणातून सुटते. इतक्या धारेवर पट्टीचा माणूसही पडेल. मग मी पडले ती यामुळेच का, असं अंकिताने विचारल्यावर मात्र त्यांचा आवाज खाली आला. फोटोवरून फळी कळते, माणूस कळत नाही, म्हणाले.

फोन ठेवून तिने फळी खिडकीशी, उजेडात नेली. कडेवर तिरके, एकसारख्या अंतराचे ओरखडे होते. असे ओरखडे तिने लहानपणापासून पाहिले होते. घरातल्या प्रत्येक विळ्यावर, प्रत्येक खुरप्यावर. आबांची कानस अशीच चालायची, तिरकी, पुढे ढकलताना दाब आणि मागे घेताना उचललेली. खंडेनवमीच्या आधी सगळ्या हत्यारांना धार लागते. भिंतीशी उभं असलेलं हेही हत्यारच होतं. सगळे झोपलेले असताना पहाटे कधीतरी त्यांनी ते मांडीवर घेतलं असणार, आणि अर्धीमुर्धी धार लावणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," जगदेवीबाई हळूच म्हणाल्या. "दगड घे, टोकं घास, आणि मोकळी हो. आबांना कशाला सांगतीस?"

अंकिताने दगड घेतलाही. पण त्या ओरखड्यांवर तो फिरवायला तिचा हात धजेना.

रविवारी ती फळ्या घेऊन वळसंगला गेली. ज्वारी काढणीला आली होती. घरामागे शेततळ्याच्या बांधाखाली, बाभळीच्या सावलीत हिंदुराव विळे घासत बसले होते. मुक्ताबाई शेजारी शेंगा फोडत होत्या. अंकिताने फळ्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि जे होतं ते सांगितलं. सांगताना शब्द गोड करायचा प्रयत्न केला, पण लोखंडाच्या बाबतीत त्या माणसाला गोड बोललेलं कळत नसे.

त्यांनी फळी मांडीवर घेतली. बराच वेळ कडेवर अंगठा फिरवत राहिले.

"म्हंजी माज्या हातानं पडलीस म्हण की."

"तसं नाही आबा."

"तसंच हाय की." ते तिच्याकडे बघत नव्हते. "तू लांब एकटी जाणार. तितं आपलं म्हणावं असं कुणी न्हाय. मला त्यातलं काय कळतंय? म्हनलं, लोखंड तरी नीट असावं पोरीचं. ऐन टायमाला दगा देऊ नये."

अकरा वर्षं अंकिताला वाटत आलं होतं की आबांना हे सगळं खूळ वाटतं. तिला त्या क्षणी त्यांची फार माया आली, आणि पडल्याचं सांगितल्याबद्दल स्वतःचा राग आला.

"कुटं कमी करायची, खूण कर," ते म्हणाले.

तिने चुलीतला कोळसा आणून टोकाशी आणि शेपटीशी खुणा केल्या, वीतभर वीतभर. हिंदुरावांनी जवळचा चपटा दगड पाण्यात बुडवला. हत्यार बोथट करण्यासाठी त्यांनी आयुष्यात दगड उचलला नव्हता. पहिला हात फिरवला तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, की मुक्ताबाई म्हणाल्या, "आता काय त्येला इचारून घासताव व्हय?" पण लगेच हसू लपवायला मुक्ताबाईंनी तोंड दुसरीकडे केलं. दगड चालू लागला. थोडं घासायचे, नखाने बघायचे, पुन्हा घासायचे. धार जेवढं मन लावून लावली होती तेवढंच मन लावून ते ती काढत होते.

ऊन वर आलं. बाभळीची सावली आखडली. दगडाचा आवाज ऐकता ऐकता अंकिता अचानक म्हणाली, "आबा, कदाचित फळ्यांचं नसेलही ते. माझंच असेल. त्या साली मला जमलं होतं असं मी धरून चालले. कुणी बघितलंय? मलाच आता खात्री नाही."

हे वाक्य ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली होती.

हिंदुरावांनी दगड थांबवला नाही. "म्या बघितलंय," ते म्हणाले.

"तुम्ही कुठे आला होता औलीला?"

"तितं न्हाय, हितं. तू परत आलीस त्येच्या दुसऱ्या दिशी. ह्ये तळं नवंच व्हतं तवा, बांधाची माती भुसभुशीत. म्या ज्वारीत व्हतो. तू एकटी बांधावर चढलीस. वाटलं, पाणी बघाय गेली आसंल. आणि उतराय लागलीस, पर सरळ न्हाय. आशी." दगड धरलेला हात त्यांनी हवेत डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेला, सावकाश. "पायात काय न्हाय, कुणी बोलावलं न्हाय. चारदा चढलीस आन् चारदा उतरलीस. पाय माती कापत न्हवतं, मातीवरनं जात व्हतं. डोळं मिटल्यालं व्हतं तुजं."

अंकिताला यातलं काही आठवत नव्हतं.

"मला हाक मारायची न्हाय झाली," हिंदुराव म्हणाले. "मोडलं असतं ते. हिला बी सांगितलं न्हाय. पर शिकल्याबिगर पायाला असं येत न्हाय, बाय. शेतात हयात गेली माजी, पाय मला कळत्यात. त्या दिशीच म्हनलं, आता हिला आडवायचं न्हाय."

मुक्ताबाईंच्या हातातली शेंग फोडायची राहिली होती. अंकिताने पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसले, आणि मग उगाचच पुन्हा पुसले. तिच्या तळपायांना काहीतरी आठवत होतं. ऊबदार माती, खाली जाणारी, बोटांमधून निसटणारी. तेराव्या दुपारनंतरची ही आणखी एक दुपार कुणीतरी तिच्यासाठी न सांगता ठेवून दिली होती.

"जा की," हिंदुराव म्हणाले. "बघू."

ती चपला काढून बांधावर चढली. बांध आता घट्ट झाला होता, वाळलं गवत पायाला टोचत होतं. वरून तळ्याचं पाणी उन्हात इतकं चमकत होतं की सगळं पांढरं झालं. तिने डोळे मिटले. गुडघा वाकवला, भार दिला, आणि पाय उतारावर सोडले. एक वळण आलं. दुसरं आलं. तिसऱ्याला पायाखाली ढेकूळ लागलं, ती अडखळली, सावरली, आणि चौथं वळण घेऊन खाली आली. डोळे उघडले तेव्हा हिंदुराव उभे होते, दोन्ही फळ्या छातीशी धरून.

"मधी थांबलीस," ते म्हणाले. "तवा थांबली न्हवतीस. परत चढ."

ती परत चढली.